बाळाचे जुलाब : आधी ओआरएस, मग बाकीचे

द्राक्षबागांत छाटणी सुरू झाली की तासगाव परिसरातल्या वस्त्यांमधल्या आयाबाया सकाळीच कामावर जातात. दीड वर्षाचे मूल आजीजवळ असते. दुपारपर्यंत त्याला पाचसहा पातळ जुलाब होतात. संध्याकाळी दवाखाना, चिठ्ठीवर तीनचार औषधे आणि त्यात प्रोबायोटिकची पावडर. आधीच मजुरी बुडालेली, त्यात हा खर्च. ही पावडर खरोखर गरजेची आहे का, ते तपासून पाहू.

प्रोबायोटिक म्हणजे आतड्याला उपयोगी समजले जाणारे जिवंत जिवाणू. 2018 मध्ये अमेरिकेत 3 महिने ते 4 वर्षे वयाच्या 971 आजारी बालकांवर याची चाचणी झाली. अर्ध्यांना खरी पावडर दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. दोन्ही गटांत जुलाब साधारण 50 तास टिकले. त्याच वर्षीच्या कॅनडातील चाचणीतही फायदा दिसला नाही. काही जिवाणूंबद्दल तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. पण ही पावडर ओआरएसची जागा घेऊ शकत नाही, याबद्दल दुमत नाही.

जुलाबात मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले.

घरी काय करावे?

1. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. पाणी कमी घेऊ नका. 24 तासांनी उरलेले फेकून द्या.

2. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला 50 ते 100 मिली, मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा.

3. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून रोज एक, असे 14 दिवस द्या. 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करा.

4. अंगावरचे दूध बंद करू नका. सहा महिन्यांवरील मुलाला पेज, मऊ भात, वरण, दही द्या. उपाशी ठेवू नका.

5. जुलाब बंद करणारी गोळी किंवा अँटिबायोटिक मनाने देऊ नका.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडले, पाणी पिईना, उलट्या थांबेनात किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात न्या. दोन महिन्यांखालील बाळाला लगेच दाखवा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.

ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे व सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. जुलाबाच्या एका मोठ्या कारणावरची रोटाव्हायरसची लसही 6, 10 आणि 14 आठवड्यांना मोफत आहे. दोन पुड्या घरी आणून ठेवा आणि त्या कशा बनवायच्या ते आजीलाही दाखवा, कारण दुपारी मूल तिच्याजवळच असते.