वरचा 'सा', खालचा 'नी' कसा ओळखावा?

बालमित्रांनो, पेटीवर 'सा' एकच नसतो. भजनी मंडळाच्या पेटीला साधारण तीन सप्तके असतात. डावीकडचे मंद्र म्हणजे खर्जाचे, मधले मध्य आणि उजवीकडचे तार. मधल्या 'सा'ची सेकंदाला २४० कंपने धरली, तर खालच्याची १२० आणि वरच्याची ४८० होतात. कानाला हा फरक लगेच कळतो. पण कागदावर तिन्ही 'सा' सारखेच! मग ओळखायचं कसं?

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे मुंबईचे, वकिली शिकलेले. उस्तादांच्या तोंडी असलेल्या चिजा त्यांनी लिहून घेतल्या व क्रमिक पुस्तकांत छापल्या. त्यांची युक्ती सोपी आहे. मध्य स्वराला खूण नाही. मंद्र स्वराच्या खाली टिंब, तार स्वराच्या डोक्यावर टिंब. आपण खोपोलीकरांनी असे ध्यानात ठेवावे : टिंब खाली तर स्वर घाटाखाली, टिंब वर तर स्वर खंडाळ्याला! फक्त वरच्या टिंबाला अनुस्वार समजून 'सां' वाचू नये. आमच्या वर्गात दोघेजण अजून तसंच वाचतात.

पियानोवाल्यांचे हाल याहून जास्त. ते पाच आडव्या रेघांवर स्वर मांडतात. स्वर जितका उंच तितका वर. रेघा संपल्या की छोट्या जादा रेघा काढायच्या. पियानोला ८८ पट्ट्या असतात. अगदी उजवीकडच्या पट्टीसाठी अशा ९ जादा रेघा लागतात! मोजेपर्यंत गाणं संपायचं. म्हणून ते स्वर एक सप्तक खाली लिहितात आणि वर ८ चा आकडा व तुटक रेघ देतात. रेघ असेपर्यंत एक सप्तक वर वाजवायचे. खर्जाच्या स्वरांना हीच खूण खालून देतात.

आता आपल्याकडची अडचण. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) मूळ कुरुंदवाडचे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या पद्धतीत डोक्यावर टिंब मंद्र स्वराला असते, आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब एका पुस्तकात वर चढा म्हणते, दुसऱ्यात खाली उतरा! "दोन विष्णूंचं एवढं एक जमलं नाही," असं आमचे आजोबा म्हणतात. त्यांच्या भजनाच्या वहीत पलुसकरांच्या खुणा आहेत. तिच्यातला टिंबाचा 'नी' भातखंड्यांच्या रीतीने म्हटला तर आवाज फाटतो आणि चाल कोणाला ओळखूच येत नाही. म्हणून नवीन मुलगा आला की आजोबा वही मिटून आधी चाल ऐकवतात.

सध्या ती वही मी भातखंड्यांच्या खुणांत उतरवतो आहे. टिंबे लाल पेन्सिलीने देतो, म्हणजे कंदिलातही दिसतील. पालकांकडे जुनी वही असेल तर आधी उभी रेघ शोधावी. ती फक्त 'म'वर असेल तर भातखंडे, कारण त्यांचा तीव्र 'म' तसाच लिहितात. 'सा', 'रे', 'ग' यांच्यावरही असेल तर पलुसकर, आणि मग डोक्यावरच्या टिंबाचे सगळे स्वर खालचे.