टेनिसचे गुण कसे मोजतात?

१४ जुलै २०१९ रोजी झालेल्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण मिळविले, तर नोव्हाक जोकोविचने २०४. गेमही फेडररचे ३६ आणि जोकोविचचे ३२. विजेता मात्र जोकोविच ठरला! हे कोडे उलगडायचे असेल, तर टेनिसमधील काही शब्दांचे नेमके अर्थ समजून घेतले पाहिजेत.

प्रत्येक गुणाचा खेळ सर्व्हिसने सुरू होतो. चेंडू जाळ्यावरून पलीकडच्या तिरप्या चौकटीत पडावा लागतो. तसा पडला नाही तर ‘फॉल्ट’. मग आणखी एक संधी मिळते. तीही फुकट गेली तर ‘डबल फॉल्ट’ होऊन गुण प्रतिपक्षाला जातो. चेंडू जाळ्याला चाटून योग्य चौकटीतच पडला, तर तो ‘लेट’. ती सर्व्हिस पुन्हा करावयाची. योग्य पडलेल्या सर्व्हिसला समोरच्याची रॅकेट लागलीच नाही, तर तो ‘एस’.

आता गुण पाहू. शून्याला ‘लव्ह’ म्हणतात. हा शब्द ‘अंडे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. तिला पुरावा नाही. पहिल्या गुणाला १५, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ४० आणि चौथ्याला गेम. या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते. ती नुसती पायऱ्यांची नावे आहेत.

दोघेही ४० वर आले की ‘ड्यूस’. या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेतील ‘दोन’ या संख्येत आहे, कारण तेथून जिंकण्यासाठी लागोपाठ दोन गुण हवेत. त्यांतील पहिला मिळाला की ‘अॅडव्हान्टेज’. पुढचा गमावला की पुन्हा ड्यूस.

ही दोनची अट कशासाठी? थोडे गणित करू. समजा, अ हा खेळाडू दर १०० गुणांपैकी सरासरी ६० जिंकतो आणि ब ४०. ड्यूसनंतरचे दोन्ही गुण अ ला मिळण्याची संभाव्यता ०.६ × ०.६ = ०.३६, तर दोन्ही ब ला मिळण्याची ०.४ × ०.४ = ०.१६. उरलेल्या ०.४८ मध्ये पुन्हा ड्यूसच. म्हणून अखेरीस निकाल ३६ ला १६, म्हणजेच ९ ला ४ या प्रमाणात लागतो. अ ची शक्यता ९/१३, सुमारे ६९ टक्के झाली! एकाच गुणावर निकाल लावला असता, तर ती ६० टक्केच राहिली असती. ड्यूसमुळे खेळ लांबतो खरा, पण नशिबाचा वाटा कमी होतो.

सहा गेम आणि दोनची आघाडी म्हणजे सेट. पूर्वी ही आघाडी मिळेपर्यंत सेट संपतच नसे. २०१० साली विम्बल्डनलाच इस्नर आणि माहू यांचा शेवटचा सेट ७०–६८ पर्यंत गेला. सामना तीन दिवस चालला आणि प्रत्यक्ष खेळ ११ तास ५ मिनिटे झाला! हे टाळण्यासाठी ‘टायब्रेक’ असतो : सहसा ६–६ झाल्यावर, दोनच्या आघाडीने जो प्रथम सात गुण घेईल त्याचा सेट. चारही मोठ्या स्पर्धांत २०२२ पासून निर्णायक सेटमध्ये मात्र दहा गुण लागतात. २०१९ साली विम्बल्डनच्या निर्णायक सेटमध्ये टायब्रेक १२–१२ नंतर होई, आणि तो सात गुणांचा असे.

आता तो सामना पाहा : ७–६, १–६, ७–६, ४–६, १३–१२. दुसरा सेट फेडररने ६–१ असा सहज घेतला, पण त्यातील जादा गेम पुढच्या सेटमध्ये जमा होत नाहीत. जोकोविचने जिंकलेले तिन्ही सेट टायब्रेकवर, अगदी थोड्या गुणांच्या फरकाने आलेले. निवडणुकीत एकूण मते अधिक मिळूनही जागा कमी याव्यात, तसाच हा प्रकार. पाचव्या सेटमध्ये ८–७ असताना फेडरर ४०–१५ ने पुढे होता. म्हणजे सामना जिंकण्यापासून तो एकाच गुणावर होता, आणि तशा दोन संधी त्याने गमावल्या.

अ ने १०० पैकी ७० गुण जिंकले, तर ड्यूसनंतर त्याची शक्यता किती होईल? वहीत करून पाहा. उत्तर ८४ टक्क्यांच्या आसपास आले पाहिजे.