संकल्पाचं पाणी

प्रश्न : मी ४९ वर्षांचा, नोकरदार, साताऱ्यात राहतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर बँकेची २००५ सालची डायरी सापडली. शेवटच्या पानावर ‘पन्नाशीच्या आत’ असं ठसठशीत लिहून खाली माझ्याच अक्षरात एकवीस ओळी. त्यातल्या पाच झाल्या आहेत : स्वतःचं घर, चारचाकी, विमानप्रवास, कळसूबाई आणि कॉम्प्युटर शिकणं. बाकी तशाच. मुंबई मॅरेथॉन, आळंदी ते पंढरपूर वारी, ज्ञानेश्वरी सलग वाचणं, एव्हरेस्टचा बेस कॅम्प, स्वतःचं दुकान, बाबांना रायगड दाखवणं. पेटी शिकायची म्हणून विकत आणली होती, ती कपाटावर धूळ खात आहे. ‘आईला काशीला नेणे’ अशीही एक ओळ आहे. आई २०१७ मध्ये गेली.

बायको म्हणते, डायरी रद्दीत घाला. मुलगी म्हणते, बाबा, पन्नाशीला अजून सहा महिने आहेत, जोर लावा. मला मात्र एकच दिसतं : एकवीसपैकी पाच, म्हणजे पस्तीस टक्केसुद्धा नाहीत. मुलीला क्लासला सोडता सोडता त्रेचाळिसाव्या वर्षी मी पोहायला शिकलो, ते तेवढं बरं झालं. पण ते यादीत कुठे होतं! अशा यादीचा आढावा या वयात घ्यावा तरी कसा? की घेऊच नये?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी गुणांचं बघू. एकवीसपैकी पाच म्हणजे जेमतेम चोवीस टक्के, शाळेच्या हिशेबाने नापासच. पण हा पेपर काढला कोणी? एकोणतीस वर्षांच्या एका मुलाने. त्याला मुलगी नव्हती, चाळिशीचा चष्मा नव्हता, आईवडील दोघं धडधाकट होते आणि गुडघा हा शब्द त्याच्या बोलण्यात यायचं कारण नव्हतं. त्याने काढलेला पेपर तुम्ही एकोणपन्नासाव्या वर्षी सोडवायला बसला आहात. माधुरी दीक्षित यांचा पहिला मराठी चित्रपट, २०१८ चा ‘बकेट लिस्ट’, आठवतो? हृदय प्रत्यारोपण झालेली एक गृहिणी, ज्या तरुण मुलीचं हृदय तिला मिळालं तिची राहून गेलेली यादी पूर्ण करायला निघते. तुमची गत थोडीफार तशीच आहे. फरक इतकाच की ज्याची यादी आहे त्याचं आणि तुमचं आडनाव एक आहे.

‘बकेट लिस्ट’ हा शब्द जगभर पसरला तो २००७ च्या एका हॉलिवूडपटाने. जॅक निकल्सन आणि मॉर्गन फ्रीमन यांनी त्यात असाध्य आजार झालेले दोन म्हातारे रंगवले होते. त्यांच्या यादीला मुदत होती, ती मृत्यूने घातलेली. तुमच्या यादीची मुदत तुम्हीच घातलीत आणि तीही एका गोल आकड्याची. पन्नासाव्या वाढदिवशी कुठलीही खिडकी बंद होत नाही. म्हणून मुलीचा ‘जोर लावा’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी तूर्त बाजूला ठेवा.

गोल आकड्याची ही ओढ तुम्हा एकट्याची नाही. अ‍ॅडम ऑल्टर आणि हाल हर्शफील्ड या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलं की वयाच्या शेवटी नऊ आला, म्हणजे २९, ३९, ४९ झालं, की माणसं आयुष्याचा हिशेब जास्त मांडू लागतात. पहिल्यांदा मॅरेथॉन धावणाऱ्यांत या वयाची माणसं अपेक्षेपेक्षा जास्त दिसली, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, तेव्हा तो काही निसर्गनियम नव्हे. तरी गंमत पाहा : यादी लिहिलीत २९ व्या वर्षी आणि उघडलीत ४९ व्या!

यादी लिहिणाऱ्यांचा मेरुमणी म्हणजे जॉन गोडार्ड हा अमेरिकन. १९४० मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने १२७ उद्दिष्टं लिहून काढली. मोठेपणी कयाकमधून अख्ख्या नाईल नदीचा प्रवास केला आणि शंभराहून अधिक गोष्टी पूर्ण केल्या. २०१३ मध्ये तो गेला तेव्हा एव्हरेस्ट राहिलं होतं. चंद्रावर जायचं होतं, तेही राहिलं. आयुष्यभर ज्याने दुसरं काही फारसं केलंच नाही, त्याच्याही यादीत चंद्र उरतो. तेव्हा उरण्याची लाज नको. मात्र जे उरलं आहे ते कुठल्या अवस्थेत उरलं आहे, हे पाहायला हवं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे आणि ते द्यायला मला पळीभर पाणी लागेल.

पूजेला बसल्यावर गुरुजी म्हणतात, हातावर पाणी घ्या. मग संवत्सर, महिना, तिथी, वार सांगतात. आपण कुठल्या खंडात, गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत तेही सांगतात. मग यजमानाचं नाव, गोत्र आणि काय करायचं आहे ते. तेव्हा कुठे पाणी ताम्हनात पडतं. याला आपण म्हणतो संकल्प सोडणं. आता दुसरा वाक्प्रचार घ्या : एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं. दान देतानाही हातावरून असंच उदक सोडतात. ते सोडलं की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. म्हणजे धरतानाही पाणीच आणि सोडतानाही पाणीच. कोरड्या हाताने दोन्ही होत नाही.

तुमच्या उरलेल्या सोळा ओळी वीस वर्षं कोरड्या आहेत. त्यांना ना तिथी आहे ना ठिकाण, आणि त्यांच्यावर रीतसर पाणीही सोडलेलं नाही. त्या नुसत्या लोंबकळत आहेत, कपाटावरच्या पेटीसारख्या. माझ्या मते आढावा म्हणजे एवढंच : प्रत्येक ओळीवर या नाही तर त्या प्रकारचं पाणी पडलं पाहिजे.

मानसशास्त्रातही याला पुष्टी आहे. मासिकँपो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या मनात मध्येमध्ये घुसत राहिलं. मात्र ते कधी, कुठे, कसं करायचं हे नक्की ठरवल्यावर, काम व्हायच्या आधीच, ही टोचणी कमी झाली. आपल्या पूजेतला देशकालाचा उच्चार तो हाच. दुसऱ्या पाण्याबद्दल कार्स्टन रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आहे : हाती न येणारं उद्दिष्ट सोडता येणं आणि नव्याकडे वळता येणं, ही दोन्ही जमणाऱ्यांचं मन जास्त स्वस्थ असतं. यातलं नुसतं सोडणं पुरत नाही, वळणंही लागतं.

आता डायरी उघडा. कुठली ओळ कुठल्या पाण्याची, हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. पहिला : उद्या कुणी रजाही दिली आणि खर्चही केला, तर येत्या सोमवारी निघाल का? दुसरा : गेल्याचं कुणालाही सांगायचं नाही, एक फोटोसुद्धा दाखवायचा नाही, तरी जाल का?

एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. डॉक्टरांकडून तपासून घेऊन, तयारी करून पन्नाशीत तिथे जाता येतं. पण दुसऱ्या प्रश्नाला मन चाचरलं, तर समजा की ती ओळ ऑफिसातल्या मित्रांसाठी होती. पाणी सोडा. दुकानाचंही तसंच. तुम्हाला दुकान हवं होतं की साहेब नको होता, हे आता वीस वर्षांच्या नोकरीनंतर तुम्हाला ठाऊक असेल.

मॅरेथॉनची ओळ का आली ते कळतं. मुंबईची ही शर्यत २००४ मध्ये सुरू झाली आणि वर्षभर सगळीकडे तिचंच नाव होतं. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. पण साताऱ्यात राहून मुंबईच कशाला? तुमच्या यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून अर्धमॅरेथॉन होते, सुमारे २१ किलोमीटरची. बाहेरगावचे लोक मुक्कामाला येऊन ती धावतात आणि तुम्हाला अंथरुणातून उठून जाता येतं. ओळ खोडा आणि शेजारी नवी लिहा.

वारीसाठी अडीच-तीन आठवड्यांची रजा मिळत नाही, हे उघड आहे. ती निवृत्तीनंतरच्या आषाढावर ठेवा. पण माउलींची पालखी नीरा ओलांडून तुमच्याच जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम पडतात. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. लोणंद ते फलटण चालायला दोन दिवस पुरतात. तेवढं येत्या आषाढात चाला. ‘अर्धवट वारी काय कामाची’ असं मनात आलं, तर ओळखा, तो एकोणतीस वर्षांचा परीक्षक बोलतो आहे. वारकऱ्यांपैकी कुणी असं म्हणणार नाही.

ज्ञानेश्वरीला तर नुसता भागाकार हवा. ओव्या सुमारे ९,०००. रोज २५ वाचल्या तर ३६० दिवस. चष्मा आणि चहाचा कप एवढंच भांडवल. गुढीपाडव्याला सुरू करा, पुढच्या पाडव्याच्या सुमारास अठरावा अध्याय संपलेला असेल.

पेटीबाबत मी कठोर होणार आहे. येत्या पंधरा दिवसांत शिकवणारे सापडले, वार ठरला, तर ती खाली काढा. नाही तर एखाद्या भजनी मंडळाला देऊन टाका. द्यायची तर भाता दुरुस्त करून, पुसून, मनापासून द्या. दान दिलेल्या वस्तूची टोचणी राहत नाही, पडून राहिलेल्या वस्तूची राहते.

आणि पोहणं? ‘यादीत कुठे होतं’ असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. मला तर अख्ख्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात जिवंत वाटलं. त्रेचाळिसाव्या वर्षी, लहान पोरांच्या देखत, चड्डी घालून उथळ पाण्यात हातपाय मारायला धीर लागतो. एकोणतीस वर्षांच्या त्या मुलाला हे सुचलंच नसतं, कारण त्याला क्लासला सोडायला मुलगी नव्हती. डायरीत बाविसावी ओळ लिहा आणि तिच्यापुढे खूण करा. मग बसून तेविसावी, चोविसावी आठवा. वीस वर्षांत यादीबाहेर झालेल्या गोष्टी एकवीसपेक्षा जास्त निघतील, अशी माझी पैज.

आता त्या दोन ओळी, ज्यांत दुसऱ्यांची नावं आहेत.

यादीतली बाकी कामं तुमच्या घड्याळावर चालतात. माणसाचं नाव असलेली ओळ त्या माणसाच्या घड्याळावर चालते आणि ते घड्याळ आपल्याला दिसत नाही. आढाव्याची सुरुवात म्हणून नेहमी इथून करावी, शेवट इथे करू नये. मी ती शेवटी घेतली, कारण पत्रात तुम्हीही शेवटीच घेतलीत आणि एका वाक्यात संपवलीत. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की केलेल्या चुकांची रुखरुख कालांतराने निवते, पण न केलेल्या गोष्टींची दीर्घकाळ उरते. तुम्हाला हे प्रयोगातून कळायची गरज नव्हती.

‘आईला काशीला नेणे’ या ओळीवर कुठलंच पाणी चालणार नाही. धरता येत नाही आणि सोडवत नाही. तिच्यावर काट मारू नका आणि समाधान म्हणून खोटी खूणही करू नका. एकट्याने काशीला जाऊन ती फिटेल असंही मी म्हणणार नाही. कदाचित फिटेल, कदाचित घाटावर बसून अधिकच रडू येईल. ती ओळ तशीच राहू द्या. डायरी रद्दीत घालायची नाही, त्याचं कारणही तीच आहे. एकोणतीस वर्षांच्या मुलाला आईची आठवण यादी करताना झाली होती, याचा तो एवढाच लेखी पुरावा आहे.

रायगडाचं मात्र वेगळं. बाबा आहेत. चौदाशेहून अधिक पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत असं धरू, पण १९९६ पासून गडावर रोपवे आहे. हिरकणीवाडीतून पाळणा निघतो आणि काही मिनिटांत वर पोचतो. वर पोचल्यावरही चालायचं असतं, तेव्हा काठी, टोपी, पाणी घ्या आणि सुट्टीच्या गर्दीचा दिवस टाळा. होळीच्या माळावर पोचलात, बाजारपेठेत थोडं टेकलात तरी पुष्कळ. समाधीपर्यंत जाववलं नाही तर नाही.

तुम्ही यादी लिहिलीत तेव्हाही हा पाळणा चालूच होता. तेव्हा हे उत्तर वाचून झालं की डायरी नंतर उघडा, आधी बाबांना विचारा : पुढच्या महिन्यातला कुठला मंगळवार? त्यांनी वार बदलून मागितला तर बदला, पण तारीख ठरवूनच उठा.