खांद्यावर तलवार, पाठीवर सॅक: कॉमिक कॉनला जायची कृती

मुंबई कॉमिक कॉनला पहिल्यांदाच निघालात, तेही पोशाख करून? मस्त! मी सांगते त्याच क्रमाने चला, काही बिघडणार नाही. सूत्र एकच: जे मोडेल, घामेजेल किंवा निसटेल ते सगळ्यांत शेवटी अंगावर चढवायचं.

१. आधी ठिकाण तपासा. एप्रिल २०२५ मध्ये कॉन वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी), जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला झालं. पूर्वी ते गोरेगावच्या नेस्कोत भरत असे, त्यामुळे घरात एखादा काका अजूनही छातीठोकपणे ‘गोरेगावलाच असतं रे’ म्हणेल. काकांचं नको, तिकिटावरचं ऐका. पुढचा रस्ता मी बीकेसी धरून सांगतेय.

२. शनिवारचं तिकीट काढा. रविवारी गर्दी जास्त, वर मेगाब्लॉक. मध्य रेल्वेचा ब्लॉक बऱ्याचदा माटुंगा-मुलुंड पट्ट्यातच असतो, म्हणजे मुलुंडकरांच्या थेट वाटेवर.

३. पात्र निवडा, पण हवा बघून. आयर्न मॅनचं पूर्ण चिलखत मुंबईच्या उकाड्यात बाहेरच्या रांगेतच जीव काढतं. पहिल्या खेपेला सुटसुटीत काहीतरी घ्या: हॉगवर्ट्सचा झगा, नारुटोची कपाळपट्टी, नाहीतर सरळ चाचा चौधरी. लाल पगडी, पांढऱ्या मिशा, जाकीट आणि काठी. खर्च किरकोळ आणि लहानथोर सगळे ओळखतात. उंच भाऊ असेल तर त्याला साबू करा, गुरू ग्रहावरचा पाहुणा फुकटात मिळाला.

४. हत्यार फोमचं किंवा पुठ्ठ्याचं करा. खरं शस्त्र किंवा धारदार धातू आत सोडत नाहीत, आणि दारात अडवलेली तलवार सांभाळायला तिथे कोणी बसलेलं नसतं. लांब असेल तर दोन तुकड्यांत करा, जोडता येईल अशी.

५. घरी रंगीत तालीम करा. पूर्ण पोशाख घालून बसा, जिना चढा, वाका, आणि हो, बाथरूमला जाऊन या. लाजू नका, हीच परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. जिथे अडकतं तिथे आजच शिवण उसवा.

६. दुरुस्तीची पिशवी भरा. सेफ्टी पिना, सुई-दोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, फेविक्विक, विगच्या पिना, ओला रुमाल. ग्लू गनने चिकटवलेले सांधे गाडीत, उन्हात ठेवले तर मऊ पडून सुटतात. म्हणून टेप विसरू नका.

७. रात्रीच तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा. दारात हजारो माणसं एकदम फोन उघडतात तेव्हा नेट रांगतं. ओळखपत्रही आत्ताच सॅकमध्ये टाका.

८. सकाळी पोटभर खा. पोहे, थालीपीठ, काहीही, पण खा. आतल्या खाण्याच्या रांगा लांब आणि दर चढे.

९. फक्त आतला थर घालून निघा. टी-शर्ट, लेगिंग, बूट एवढंच. विग, झगा, शिरस्त्राण सगळं सॅकमध्ये. विग घालून लोकलच्या दारात उभं राहायचं नाही. वाऱ्याला तुमचं पात्र माहीत नसतं.

१०. मरोळ नाका गाठा, बीकेसीची मेट्रो ३ तिथूनच धरायची आहे. घाटकोपरहून आणि अंधेरीहून मेट्रो १ थेट नेते. मुलुंडकर आधी लोकलने घाटकोपरला उतरतील. बोरिवली पूर्वेकडचे मेट्रो ७ ने गुंदवलीला येऊन, पुलावरून पलीकडच्या स्टेशनात जाऊन, घाटकोपरच्या दिशेची मेट्रो १ धरतील. सॅक यंत्रातून जाते, तलवारीची मूठ आधीच वर ठेवा म्हणजे फोम आहे हे दाखवता येईल. बंदुकीसारखं दिसणारं खेळणं मात्र नकोच, हुज्जतीत अर्धा तास जातो.

११. मेट्रो ३ चं तिकीट फलाटावर उतरण्याआधीच काढा. खाली भुयारात नेटवर्क दगा देतं.

१२. कफ परेडच्या दिशेची गाडी पकडा आणि बीकेसीला उतरा. उलट दिशेला बसलात तर आरे पाहून याल. बाहेर आल्यावर चालत जाता येतं. पाठीवरचं ओझं जड असेल तर रिक्षा करा.

१३. दार उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत लागा. पाण्याची बाटली हाताशी, तिकीट उघडं. दारात मिळणारा प्रवेशाचा पट्टा मनगटावर सैल बांधू देऊ नका. निसटला तर आत परत घेताना पंचाईत.

१४. आत शिरलात, आता पोशाख चढवा. आधी झगा, मग विग, शेवटी हत्यार. क्रम उलटा केलात तर तलवार काखेत धरून विग बसवावा लागेल. आरशासमोर गर्दी करू नका, सोबतच्या माणसाला फोनचा कॅमेरा धरायला सांगा.

१५. कॉस्प्ले स्पर्धेत उतरायचं असेल तर नाव आत्ताच नोंदवा. नंतर बघू म्हटलं की नोंदणी संपते.

१६. खिशात हात न घालता एक फेरी मारा. पहिल्याच स्टॉलवर घेतलेला टी-शर्ट दुपारपर्यंत नकोसा होतो.

१७. मग सरळ चित्रकारांच्या टेबलांकडे जा. माझ्या मते कॉनमधली हीच जागा खरी. मोठ्या कंपन्यांच्या फोटो काढायच्या रांगा सोडल्या तरी चालतील. इथे कॉमिक काढणारा माणूस स्वतः बसलेला असतो. ‘अँग्री मावशी’वाले मुंबईचे अभिजीत किणी दिसले तर थांबा, अंकावर सही मागा, कसं काढलं ते विचारा. भाव करू नका, ही भाजी नाही. सुटे पैसे ठेवा, यूपीआय गर्दीत अडखळतं.

१८. दुसऱ्याचा फोटो हवा असेल तर आधी विचारा. पोशाख, विग, पंख यांना हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तुमच्या फोटोला कोणी विचारलं आणि नको वाटलं, तर ‘नाही’ पुरे आहे, कारण द्यायची गरज नाही.

१९. दर दीड तासाने शिरस्त्राण काढून बसा, पाणी प्या. चक्कर यायला लागल्यावर नव्हे, आधीच.

२०. बंद व्हायच्या अर्धा तास आधी पोशाख उतरवा. सगळे एकदम निघाले की मेट्रोच्या जिन्यावर झग्यावर पाय पडतोच.

२१. घरी पोचताच विग थंड पाण्यात धुऊन सावलीत टांगा आणि तलवारीचे तुकडे सपाट ठेवा. उभे टेकवलेत तर फोम वाकतो, मग सरळ होत नाही.