फुलपाड्याहून अळंबीच्या वाटेवर: पायपीट स्वस्त, खुडणं महाग

अळंबी बघायला जाण्याचा खर्च चार माणसांच्या वडापाव-चहाच्या बिलापेक्षा फारसा जास्त नाही. ती स्वतः खुडून घरी आणायची म्हटलं की आकडे झपाट्याने बदलतात. म्हणून आधी स्वस्त भाग सांगतो.

चर्चगेटहून विरारचं दुसऱ्या वर्गाचं लोकल तिकीट 20 रुपये, परतीसह 40. विरार पूर्वेला उतरून फुलपाड्याला शेअर रिक्षा धरायची. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं मीटरचं किमान भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये झालं आहे. स्टेशनबाहेर मात्र मीटरपेक्षा शेअरचाच कारभार चालतो, तेव्हा बसण्याआधी माणशी किती ते विचारून घ्या. माणशी वीस रुपये धरून चला. चौघांचं जाणं-येणं साधारण सव्वातीनशे रुपयांत बसतं. पायात गमबूट हवेत. बाजारात साधी जोडी चारशे-सहाशेला मिळते आणि दोन-तीन पावसाळे टिकते. या खर्चात कंजुषी नको. ओल्या पाचोळ्यात घोणस आणि फुरसं दिसत नाहीत, चपलेतला पाय मात्र त्यांना सापडतो.

फुलपाड्यातून पापडखिंड धरणाकडे जाणारी वाट सगळ्यात सोपी. वस्ती संपते, चढ सुरू होतो आणि एका बाजूला जीवदानीचा डोंगर येतो. सकाळी साडेसहा-सातला निघालात तर दहाच्या आत परत याल, लहान मुलंही दमत नाहीत. जोराचा पाऊस होऊन एक-दोन दिवस उघडीप मिळाली की जायचं. पडलेल्या ओंडक्यांवर पंख्यासारखी कडक बुरशी, पाचोळ्यात नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्या आणि नशीब असेल तर वारुळाशेजारी खरी अळंबी दिसते. धरणाच्या पाण्यात मात्र उतरू नका. इथे बुडून माणसं गेली आहेत. जीवदानीच्या तेराशेवर पायऱ्या चढायची हौस असेल तर देवदर्शन होईल, अळंबी नाही. तिथला काठ गर्दीने तुडवलेला असतो.

वस्तीला लागून, गटाराच्या कडेला किंवा कचऱ्याच्या ढिगाजवळ उगवलेलं काहीही खाण्याच्या यादीतून बाद. बुरशी जमिनीतले जड धातू शोषून घेते आणि धुऊन ते जात नाहीत. महामार्गाच्या आणि रुळांच्या कडेलाही तेच.

दुसरी वाट तुंगारेश्वरची. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या फाट्यावरून आत मंदिराकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो, ओढे ओलांडत. रान पापडखिंडीपेक्षा कितीतरी दाट, बुरशीचे प्रकारही जास्त. पण हे 2003 साली जाहीर झालेलं, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. प्रवेशाची पावती घ्यावी लागते, ती जपून ठेवा. पावसाळ्यात चिंचोटी आणि तुंगारेश्वरच्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पोलिसांचा आदेश पाहा, नाहीतर रिक्षाचं भाडं फाट्यापर्यंत जाऊन परत येण्यातच जाईल.

आता महागाचा भाग. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 29 प्रमाणे अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज बाहेर नेता येत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याचा दंड 25 हजारांवरून 1 लाखापर्यंत गेला आहे, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भूछत्र म्हणजे काही झाड नव्हे, असा वाद चौकीवर घालून पाहू नये. राखीव वनातही पाहुण्यांनी टोपली भरणं बसत नाही. गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने दिला आहे तो अनुसूचित जमातींना आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांना. मला ही विभागणी रास्त वाटते. आपल्याला रविवारचा विरंगुळा हवा असतो, रानातून गोळा करून विकणाऱ्या बाईला आठवड्याची मीठ-मिरची घ्यायची असते.

समुद्राकडची वाट हवी असेल तर विरार पश्चिमेहून बसने किंवा रिक्षाने अर्नाळा, राजोडी. नालासोपारा पश्चिमेहून कळंब. तिन्हीकडे किनाऱ्याला सुरूची बनं आहेत. सुरूच्या मुळांशी जोडीने राहणारी, बटाट्यासारखी गोल, फोडली की आतून काळपट भुकटी उडणारी बुरशी वाळूत दिसते. ती बघायची, फोटो काढायचा आणि पुढे जायचं. सुरूखाली जेवणाचं पान भरत नाही. पण भरतीची वेळ बघून गेलात तर चालायला यापेक्षा सुखाची वाट या भागात नाही, आणि बंदीची कटकटही बहुतेक वेळा पाण्यापुरतीच असते.

ज्या अळंबीसाठी लोक जीव टाकतात ती वारुळाची. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते, त्या शेतीतून ही छत्री वर येते. तिचा दांडा खाली निमुळता होत लांब मुळासारखा वारुळापर्यंत गेलेला असतो, टोपीच्या मधोमध टोक असतं आणि दांड्यावर कडं नसतं. माणसाला अजून तिची लागवड जमलेली नाही, म्हणूनच भाव चढा. विदर्भात तिला सात्या म्हणतात. गोव्यात ती पानात बांधून, नग मोजून विकतात.

ही ओळख वाचून कुणी रानात खुडायला जाऊ नये. पहिल्या पावसानंतर सोसायटीच्या हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी, खवल्यांची छत्री बघा. दिसायला अगदी खाण्यासारखी, पण तिच्या दांड्यावर कडं असतं. टोपी उलटी न करता पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवली की सकाळी हिरवट ठसा उमटतो. ती खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. माणूस बहुधा वाचतो, पण सलाइन आणि एक-दोन दिवसांच्या खासगी खाटेचं बिल हजारांत जातं. अमानिता जातीतल्या काही छत्र्यांची गोष्ट वेगळीच. त्यांचं विष शिजवून मरत नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, एखादा दिवस बरं वाटतं आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. यकृत प्रत्यारोपणाचा खासगी रुग्णालयातला खर्च वीस लाखांच्या घरात. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण निळा होणं, किड्यांनी खाल्लेलं असणं या सगळ्या कसोट्या कुचकामी आहेत.

शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता 108 ची रुग्णवाहिका बोलवा, ती मोफत असते. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नि:शुल्क क्रमांक 1800 116 117. उरलेली भाजी आणि कच्ची छत्री कागदात गुंडाळून दवाखान्यात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते आणि ओळखू येत नाही.

तेव्हा खायची अळंबी विकत घ्या. आषाढ-श्रावणात विरार, नालासोपारा, वसई स्टेशनांबाहेर आणि शिरसाड-अंबाडी रस्त्याला पारोळकडे पाड्यांवरच्या बायका शेवळं, कोरळ, फोडशी, कंटोली, टाकळा घेऊन बसतात. त्यांच्याकडेच पानांत झाकलेला अळंबीचा वाटा असतो. वजन नाही, वाटा. सकाळी आठच्या आत गेलात तर मिळते, दहाला पानं उरतात. वज्रेश्वरीकडे जाणारी एसटी मिळाली तर महिलांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे, रिक्षापेक्षा ते परवडतं.

तीनशे ते पाचशे रुपये सुटे ठेवा आणि घासाघीस करू नका. पहाटे अंधारात कुणी तीन-चार कोस चालून ती आणली आहे. "मावशी, कुठल्या वारुळाची?" एवढं विचारा. नेहमी बसणारी बाई ठिकाण सांगते, कारण तिची वारुळं वर्षानुवर्षं ठरलेली असतात. दांडा मुळासकट असलेली, टोपी अजून पूर्ण न उघडलेली अळंबी घ्या. नुसत्या टोप्या तोडून ठेवलेल्या असतील तर सोडून द्या. इतका खर्च नको असेल तर लागवडीची बटण अळंबी 200 ग्रॅमच्या पुडीत 40 ते 60 रुपयांना मिळते. चव वेगळी, पण पोट निर्धास्त.

घेतलेली अळंबी त्याच दिवशी शिजवायची. मुळाशी माती असते, चार पाण्यांतून धुवा. कांदा, आलं-लसूण, हळद, तिखट आणि शेवटी ओलं खोबरं पुरे, गरम मसाला घातला की तिचा वास मरतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन चमच्यांवर थांबावं, लहान मुलांना त्या दिवशी नकोच. आणि दोन-तीन नग कच्चेच कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, मावशी कितीही ओळखीची असली तरी.