अर्ली बर्ड आणि मुलांची झोप

इंग्रजीत लवकर कामाला लागणाऱ्या माणसाला ‘अर्ली बर्ड’ म्हणतात. अर्ली म्हणजे लवकर, बर्ड म्हणजे पक्षी. ‘द अर्ली बर्ड कॅचेस द वर्म’ या जुन्या म्हणीतला हा शब्द. वर्म म्हणजे येथे गांडूळ. रात्रीच्या गारव्यात गांडुळे जमिनीवर येतात आणि ऊन तापले की ओलाव्यासाठी खाली जातात. म्हणून जो पक्षी आधी उतरतो, त्याला चारा मिळतो. शिकवणीवाले जाहिरातीत ‘अर्ली बर्ड सवलत’ छापतात, तिचाही अर्थ हाच. जो आधी नाव नोंदवील, त्याला फी कमी.

म्हण चांगली आहे, पण तिचा अर्धाच अर्थ घेतला जातो. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पालक मुलांना दवाखान्यात आणतात. डोके दुखते, भूक लागत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, एखादे शक्तीचे औषध द्या, असे म्हणतात. चौकशी केली की कळते, मूल पहाटे चारला उठते, पण झोपते रात्री बाराला! बदनापूर-अंबडकडून पहिल्या एसटीने जालन्याला शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांचे तर आणखी हाल. चार तासांच्या झोपेवर कोणतेही टॉनिक चालत नाही.

वाचकहो, पक्ष्याची संध्याकाळही पाहा. दिवस मावळताना लिंबावर साळुंक्यांचा कलकलाट होतो आणि अंधार पडताच झाड शांत होते. पक्षी लवकर उठतो, कारण तो लवकर झोपतो.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. दिवसा वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. वयात येताना शरीराचे घड्याळ थोडे मागे पडते व झोप उशिरा येते. तो आळस नव्हे. लहान मुलांची झोप पुरी होत नाही हे लक्षात घेऊन राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला.

पालकांनी उठण्याच्या वेळेपासून मागे मोजावे. पाचला उठायचे असेल तर नऊला दिवा मालवावा. जेवण वेळेवर उरकावे. संध्याकाळनंतर चहा देऊ नये. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा, आणि मोठ्यांनीही टीव्ही बंद करावा. रविवारीही हीच वेळ पाळावी.

पुरेशी झोप होऊनही मूल दिवसा पेंगत असेल, फिकट दिसत असेल किंवा रात्री घोरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. झोप कमी करून मिळवलेला तास अभ्यासाच्या खात्यात जमा होत नाही.