पाण्याचा हिशेब आधी मांड

अगं, नोव्हेंबरच्या सुट्टीत ह्यूस्टनहून मैत्रिणीबरोबर बिग बेंड नॅशनल पार्कमधला आउटर माउंटन लूप हा ट्रेक करणार म्हणालीस. जरूर जा! फक्त 30 मैलांना तीन दिवस खूप झाले, असं समजू नकोस. चालायला तू कमी नाहीस. पण राजगडावर दमून पोचलं की टाक्यात पाणी मिळतं, तो भरवसा तिथल्या चिसोसच्या डोंगरांत ठेवू नकोस. वाटेतले फ्रेस्नो क्रीक, बूट स्प्रिंग हे झरे कधी वाहतात, कधी आटतात. परमिट घेताना रेंजरला विचार, आणि तिथलं पाणी शुद्ध करूनच पी.

माणशी रोज चार लिटर धर. तीन दिवसांचं बारा किलो वजन नुसत्या पाण्याचं, वर तंबू आणि शिधा. एवढं लादून ब्लू क्रीकची घळ उतरलीस तर गुडघे जातील गं. म्हणून आदल्या दिवशी गाडीने वाटेतल्या होमर विल्सन रँचला जा. तिथे अस्वलांना उघडता येणार नाहीत अशा लोखंडी पेट्या आहेत. नाव-तारीख लिहून पुढच्या टप्प्याचं पाणी त्यांत ठेव. शिजवायला पाणी लागेल असं काही नेऊ नकोस. दशम्या, खारे शेंगदाणे, चिवडा ने. घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होतं, मग डोकं गरगरतं.

पायांत लांब जाड पँट हवीच. लेचुगिया नावाची घायपातीच्या जातीतली झुडपं वाटेला लागून असतात, त्यांची टोकं कापडातूनही घुसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लगुना मेडोवरून ब्लू क्रीकने उतरून रँचला पोचलीस की तिथेच दोघींनी खरं खरं बोला. पायाला फोड, मळमळ, पाणी ठरल्यापेक्षा जास्त संपलेलं, यांतलं काहीही असेल तर तिथूनच बाहेर पडा. डांबरी रस्ता जवळ आहे. पुढच्या डॉडसन ट्रेलवर सावली नाही, अशी सुटकाही नाही. आणि शेवटी ज्युनिपर कॅन्यनची मोठी चढण दमलेल्या पायांनीच चढायची असते. मैत्रीण ‘मी ठीक आहे’ म्हणाली तरी तिची बाटली स्वतः उचलून बघ. माघारी फिरायचं ठरलं तर तिच्यावर रागावू नकोस, माझ्यासाठी एवढं कर.

रिकाम्या बाटल्या आणायला रँचला पुन्हा गाडी न्यावी लागेल, तेवढा वेळ परतीच्या दिवशी राखून ठेव.